‘मी डच असतो तर’ : दुसऱ्याच्या स्वातंत्र्यदिनाची वर्गणी

आमच्या सोसायटीतल्या पंधरा ऑगस्टच्या वर्गणीचा हिशेब गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे एक्सेल शीट यानेच करायची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. फ्लॅटमागे तीनशे रुपये. त्यात झेंडावंदन, समोसा-जिलेबी, लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा आणि भाड्याचा स्पीकर. मागच्या वर्षी शीटच्या तळाशी मी ‘स्टाफ’ नावाचा एक वेगळा गट केला होता. वॉचमन, झाडलोट करणाऱ्या मावशी, माळीकाका. त्यांच्या रकमेच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘इच्छेनुसार’. गेटवरच्या वॉचमनकाकांनी पन्नास रुपये दिले आणि विचारलं, “साहेब, झेंड्याच्या वेळी गेटवर कोण थांबणार?” मी म्हणालो, बघू. गेटवर तेच थांबले.

हे मी विसरूनही गेलो होतो. आठवण झाली ती शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जावा बेटावर लिहिलेला एक लेख वाचताना.

त्या लेखापर्यंत मी पोचलो तो ऑफिसच्या कामातून. आमचा क्लायंट नेदरलँड्सचा, टीमचा एक तुकडा पुण्यात, एक जकार्तात. कुठल्या दिवशी कोण सुट्टीवर आहे हे सिस्टमला कळावं म्हणून देशवार सुट्ट्यांचं टेबल करायचं काम माझ्याकडे आलं. देश, तारीख, सुट्टीचं नाव. भारत, १५ ऑगस्ट, स्वातंत्र्यदिन. इंडोनेशिया, १७ ऑगस्ट, स्वातंत्र्यदिन. नेदरलँड्स, ५ मे, मुक्तिदिन. तिन्ही ओळी एकाखाली एक बघितल्यावर मी थांबलो. इंडोनेशिया ज्यांच्यापासून स्वतंत्र झाला ते डच. मग डच कोणापासून मुक्त झाले? १९४५ साली नाझी जर्मनीपासून, हे लगेच सापडलं. पण शोधता शोधता अजून एक जुनं स्वातंत्र्य सापडलं, १८१३ चं, आणि त्याच्या शताब्दीवर लिहिलेला हा लेख. डच नाव ‘अल्स इक एन्स नेदरलँडर वास’. मराठीत, ‘मी डच असतो तर’. मी तो इंग्रजी अनुवादात, लोकलच्या दोन प्रवासांत, फोनवर वाचला. एवढा छोटा आहे. मात्र नंतर महिनाभर डोक्यातून गेला नाही.

कोणाचं स्वातंत्र्य, कोणाच्या अंगणात

आधी पार्श्वभूमी. नेपोलियनने १८१० साली हॉलंड फ्रेंच साम्राज्यात सामील करून टाकला. नोव्हेंबर १८१३ मध्ये फ्रेंच तिथून हटले, ऑरेंज घराण्याचा राजपुत्र परत आला आणि डच लोक स्वतंत्र झाले. १९१३ साली या घटनेला शंभर वर्षं होणार होती. मायदेशात सोहळे ठरले. डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियातही ठरले. आणि त्यासाठी स्थानिक लोकांकडूनही वर्गणी गोळा करायला सुरुवात झाली.

परत वाचा. ज्यांच्यावर आपण राज्य करतो त्यांच्याकडून, आपण कोणाच्या तरी राज्यातून सुटलो याच्या आनंदासाठी, पैसे.

इतिहासातला विनोद याहून पुढचा आहे. १८१३ साली हॉलंड स्वतंत्र झालं तेव्हा जावा डचांच्या ताब्यातच नव्हतं. १८११ ते १८१६ तिथे इंग्रजांचा अंमल होता, स्टॅमफर्ड राफल्स लेफ्टनंट गव्हर्नर होता आणि त्याच्या फौजेत हिंदुस्थानातले शिपाई होते. जून १८१२ मध्ये याच फौजेने योग्यकर्ताच्या सुलतानाचा राजवाडा फोडून लुटला. त्यानंतर तिथे पाकुआलामन नावाची एक छोटी नवी गादी निर्माण करण्यात आली. आपल्या लेखाचा लेखक त्याच पाकुआलामन घराण्यातला.

त्याचं नाव सुवार्दी सूर्यनिंग्रात. जन्म २ मे १८८९. बटाव्हियाच्या मेडिकल कॉलेजात गेला, शिक्षण पुरं केलं नाही, पत्रकारितेत शिरला. लेख लिहिला तेव्हा वय २४. (माझ्या वयाच्या आसपासचा, शिक्षणाची लाइन सोडून लिहायला लागलेला मुलगा, असं मी त्याच्याकडे बघतो. त्यामुळे थोडा एकेरीत बोलतोय, चालवून घ्या.) बांडुंगमध्ये त्याने आणि चिप्तो मांगुनकुसुमो वगैरे मित्रांनी शताब्दी साजरी करण्यासाठी ‘स्थानिकांची’ म्हणून एक समिती काढली. तिचं लोकांच्या तोंडातलं नाव ‘कोमिते बुमी पुत्रा’. बुमी पुत्रा म्हणजे आपला भूमिपुत्र, शब्द तोच. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही या शब्दाच्या राजकारणाची ओळख करून द्यायला नको. इथे मात्र तो चिमटा काढायला वापरलाय. समिती वरून म्हणते, आम्हीही तुमचा आनंद साजरा करू. आणि साजरा करण्याची पद्धत म्हणून मागते काय, तर राजकीय सभांवरची बंदी उठवा आणि आम्हाला लोकप्रतिनिधींची संसद द्या.

जुलै १९१३ मध्ये सुवार्दीचा लेख आला. अर्नेस्ट दाउवेस देक्करच्या ‘द एक्स्प्रेस’ या वर्तमानपत्रातून आणि समितीचं पत्रक म्हणूनही.

असतो तर

लेखाचा सगळा जीव शीर्षकातल्या क्रियापदात आहे. मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. ‘पाऊस आला असता तर पीक आलं असतं.’ म्हणजे पाऊस आला नाही, पीकही आलं नाही. ‘मी डच असतो तर’ म्हणताक्षणी ‘मी डच नाही’ हे सांगून झालेलं असतं. आमच्या भाषेत, ही अशी इफ कंडिशन आहे की जी कधीच खरी होणार नाही. असा कोड कंपायलर सरळ काढून टाकतो, कारण तो चालायची वेळच येत नाही. सुवार्दी मात्र सगळा लेख त्या कधीच न चालणाऱ्या ब्लॉकच्या आत लिहितो.

आत तो काय म्हणतो? माझ्या शब्दांत सांगतो. मी डच असतो तर मला या दिवसाचा अभिमान वाटला असता. मीही झेंडे बघून हरखलो असतो. पण मी हा सोहळा इथे केला नसता. कारण ज्यांचं स्वातंत्र्य आपण घेतलंय त्यांच्याच घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, आपण आपल्या सुटकेचे फटाके फोडायचे, हे काही बरं दिसत नाही. त्यांच्या भावना दुखावतील. शिवाय धोक्याचंही आहे. स्वातंत्र्य मिळणं ही एवढी मोठी गोष्ट असते हे आपणच त्यांना दाखवतोय, उद्या त्यांनाही तसं वाटायला लागलं तर? आणि वर त्यांच्याच खिशातून पैसे काढायचे म्हणजे कमालच झाली. मध्येच तो कंसात आठवण करून देतो की बाबांनो, मी अजून कल्पनेतला डचच आहे हं.

यातला सूर बघा. ओरड कुठेही नाही. एखादा समजूतदार डच गृहस्थ आपल्या क्लबात बसून बाकीच्यांना शिष्टाचार शिकवतोय, असा सूर आहे. ‘भावना दुखावतील’ हा युक्तिवाद तर किती निरुपद्रवी. तो वाचणाऱ्या डच माणसाने काय उत्तर द्यायचं? ‘नाही, स्वातंत्र्य तेवढं महत्त्वाचं नसतं’ म्हणावं तर शताब्दी कशाला करताय? ‘स्वातंत्र्य महत्त्वाचंच’ म्हणावं तर इथे काय करताय? सुवार्दीने डचांच्या स्वातंत्र्यदिनाची टिंगल केली असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं. त्याने तो दिवस डचांपेक्षा जास्त मनावर घेतला.

मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’ने १८९८ पासून दहा वर्षं हेच केलं होतं. सरळ बोलायची सोय नाही, मग वक्रोक्ती. वरून स्तुती, आतून सुरी. सरकारला वाचताना कळायचं की आपल्याला काहीतरी टोचतंय, पण नेमकं कोणतं वाक्य धरायचं हे कठीण. शेवटी १९०८ साली परांजप्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. सुवार्दीचंही तेच झालं. जुलैच्या अखेरीस अटक, ऑगस्टमध्ये हद्दपारीचा हुकूम. खटला वगैरे नाही, गव्हर्नर जनरलच्या खास अधिकारात. चिप्तो, दाउवेस देक्कर आणि सुवार्दी, तिघेही नेदरलँड्सला गेले. म्हणजे डच असता तर काय केलं असतं असं लिहिणाऱ्याला सरकारने डचांच्याच देशात नेऊन ठेवलं.

सरकार इतकं का चिडलं? लेख डच भाषेत होता तोवर ती सुशिक्षितांमधली खोचक चर्चा होती. अब्दुल मुईस याने त्याचा मलय अनुवाद केला आणि मामला बदलला. मलय ही बंदरांची, बाजारांची भाषा. पुढे हिचीच राष्ट्रभाषा झाली. डच वाचकाला जी कोपरखळी होती ती मलय वाचकाला सरळ माहिती होती: यांनाही कोणीतरी गुलाम केलं होतं, ते सुटले, आणि सुटल्याचा उत्सव करतात. जो कोड कधीच चालणार नव्हता तो दुसऱ्या मशीनवर जाऊन चालू झाला.

अँडरसनशी थोडं भांडण

या लेखावरचं सगळ्यात प्रसिद्ध विवेचन बेनेडिक्ट अँडरसनचं आहे, ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या पुस्तकात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सुवार्दी स्वतःला क्षणभर डच कल्पितो, त्यातून डच वाचकालाही क्षणभर स्वतःला स्थानिक कल्पायला भाग पाडतो, आणि त्यामुळे वंश म्हणजे जन्माने कपाळावर कोरलेली गोष्ट या वसाहतवादी कल्पनेलाच तडा जातो. राष्ट्र ही कल्पना करता येण्यासारखी गोष्ट असेल, तर ती कोणालाही करता येते.

वाचायला फार छान वाटतं. पण मला यात एक गोष्ट निसटल्यासारखी वाटते. वसाहतीत माणसं कायद्याने तीन प्रकारांत विभागलेली होती: युरोपियन, परकीय पौर्वात्य आणि स्थानिक. तुमचा प्रकार काय, यावर तुमचं कोर्ट आणि तुमचे हक्क ठरायचे. आणि गंमत म्हणजे, हा प्रकार बदलून घेता यायचा! जपानी लोकांना १८९९ साली कायद्याने युरोपियनांच्या रांगेत बसवलं गेलं. एखाद्या स्थानिक माणसालाही अर्ज करून ‘युरोपियनांसमान’ ठरता यायचं. त्याचं नाव सरकारी गॅझेटात छापून यायचं आणि लोक त्याला ‘गॅझेटातला युरोपियन’ म्हणून हसायचे. आम्ही याला टाइपकास्टिंग म्हणतो. व्हॅल्यू तीच, डिक्लेरेशन बदललं.

म्हणजे ‘मी डच असतो तर’ हे सुवार्दीसारख्या उच्च घराण्यातल्या, उत्तम डच लिहिणाऱ्या मुलासाठी निव्वळ स्वप्नरंजन नव्हतं. व्यवस्थेने त्या दिशेला एक अरुंद दार ठेवलेलं होतं. हुशार मुलांनी एकेक करून त्यातून आत यावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. मला या लेखात दिसतं ते हे की लेखक त्या दारातून आत जातो, आतल्या खुर्चीवर बसतो, आणि तिथून म्हणतो की मी इथला असतो तर मला लाज वाटली असती. अँडरसनला कल्पनेची अदलाबदल दिसते. मला आलेलं आमंत्रण नाकारणं दिसतं. ज्यांना चांगल्या पगाराच्या, परदेशी क्लायंटच्या, ‘तू आमच्यातलाच’ म्हणणाऱ्या जगात रोज टाइपकास्ट होऊन जगायचंय, त्या माझ्यासारख्यांना दुसरं जास्त लागतं.

लेखात नसलेला माणूस

आता लेखाची मर्यादा. त्यात वर्गणी मागणारे आहेत, वर्गणीच्या विरोधात बोलणारा आहे, वर्गणी देणारा मात्र कुठेच नाही. ‘स्थानिक लोक’ असा एक अनेकवचनी समूह आहे, ज्याच्या भावना दुखावतात. गावातला भातशेती करणारा, ज्याच्या झोपडीपाशी कोणीतरी वही घेऊन आलं असेल, तो काय म्हणाला? त्याला १८१३ चं काही पडलेलं होतं का? आणि वही घेऊन आलेला माणूस कोण होता?

हा शेवटचा प्रश्न टोचणारा आहे. जावातलं डच राज्य स्थानिक सरदारांच्या हातून चालत होतं. अर्नेस्ट दाउवेस देक्करच्याच घराण्यातल्या एदुआर्द दाउवेस देक्करने, म्हणजे मुल्तातुलीने, १८६० सालच्या ‘मॅक्स हावेलार’ कादंबरीत हे उघडं केलं होतं. वरून डच अधिकारी, मध्ये आपलेच रीजंट, खाली पिळला जाणारा शेतकरी. सुवार्दी या मधल्या थरातून आलेला. त्याच्या लेखातली ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ची रेघ फक्त डच आणि स्थानिक यांच्यात ओढलेली आहे.

इथे मला जोतीराव फुले आठवतात. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. सुवार्दीप्रमाणेच इथेही दुसऱ्या देशाची मुक्ती आरशासारखी समोर धरलेली आहे. फरक एवढाच की फुल्यांनी तो आरसा घरातल्या लोकांपुढे धरला. त्यांनी त्यांचं सौजन्य बघा, तुम्ही शूद्रातिशूद्रांना कधी सोडणार? सुवार्दीचा लेख साम्राज्याला हरवतो. फुल्यांची अर्पणपत्रिका त्यापुढचा प्रश्न विचारते: साम्राज्य गेल्यावर वही कोणाच्या हातात असेल?

सुवार्दीच्या बाजूने एक सांगायला हवं. पुढे त्याने आपली सरदारकीची पदवी टाकली, की हाजर देवांतारा हे नाव घेतलं. १९२२ साली योग्यकर्तात ‘तामान सिस्वा’ ही शाळा काढली, सरकारी मदतीशिवाय चालणारी, सामान्य मुलांसाठी. त्याचा जन्मदिवस, २ मे, आज इंडोनेशियाचा राष्ट्रीय शिक्षणदिन आहे. लेखात नसलेला माणूस त्याने पुढे वर्गात आणून बसवला, असं म्हणायला जागा आहे.

१७-८-०५

हा लेख १९१३ मध्येच संपला असता तर मी त्यावर एवढं लिहिलं नसतं. पण तोच प्रसंग ३२ वर्षांनी जसाच्या तसा पुन्हा घडला.

५ मे १९४५. हॉलंड नाझींच्या पाच वर्षांच्या कब्ज्यातून सुटलं. १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. १७ ऑगस्टच्या सकाळी जकार्तात सुकार्नो आणि हाता यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. मसुदा आदल्या रात्री मायदा नावाच्या जपानी ॲडमिरलच्या घरी बसून केलेला, टाइप केला सायुती मेलिकने. त्या कागदावरची तारीख बघून माझ्यातला इंजिनिअर थक्क झाला. १७, महिना ८, वर्ष ०५. हे ०५ म्हणजे २६०५, जपानी साम्राज्याच्या कालगणनेतलं वर्ष. डचांपासून स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या कागदावर दुसऱ्याच साम्राज्याचं कॅलेंडर, तेही दोन आकड्यांत! ज्या व्यवस्थेतून बाहेर पडायचं तिच्याच फॉरमॅटमध्ये बाहेर पडल्याची नोंद करावी लागते. पहिल्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री म्हणून की हाजर देवांतारा होता, तोच आपला सुवार्दी.

आणि नुकतेच मुक्त झालेले डच काय करतात? लाखाहून अधिक सैनिक जहाजांनी परत पाठवतात. १९४७ आणि १९४८ मध्ये दोन मोठ्या लष्करी मोहिमा होतात, त्यांना नाव दिलं जातं ‘पोलीस ॲक्शन’. मी नांदेडचा. आमच्याकडे हा शब्द आजीच्या तोंडातला, सप्टेंबर १९४८ चा, निजामाची राजवट संपवणारा. दोन्हींची तुलना करायला बसलो नाही, कारण परिस्थिती उलट होती. पण सैन्य जातं तेव्हा नाव पोलिसांचं का द्यायचं, हे दोन्हीकडे सारखं आहे. पोलीस घरातल्या घरात लागतात. तो शब्द वापरला की समोरचा देश आहे हेच मान्य करावं लागत नाही.

डिसेंबर १९४७ मध्ये पश्चिम जावातल्या रावागेडे गावात डच सैनिकांनी पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. इंडोनेशियाच्या मते मेलेले ४३१. हेगच्या कोर्टाने २०११ साली डच सरकारला जबाबदार धरलं, तेव्हा त्या गावातल्या विधवा म्हाताऱ्या झाल्या होत्या. सत्तांतर डचांच्या लेखी झालं २७ डिसेंबर १९४९ ला, त्यातही वसाहत सरकारचं चार अब्ज गिल्डरहून जास्त कर्ज नव्या देशाच्या डोक्यावर ठेवून. वर्गणीची सवय जुनी. १७ ऑगस्ट १९४५ हीच स्वातंत्र्याची तारीख आहे, हे डच पंतप्रधान मार्क रूट यांनी निःसंदिग्धपणे मान्य केलं जून २०२३ मध्ये. डेटाबेसमधल्या एका ओळीतली तारीख दुरुस्त व्हायला ७८ वर्षं.

सुराबायातले मराठे

इथवर मी आरामात वाचत होतो. दोषी डच, मी वाचक. मग सुराबाया आलं.

सप्टेंबर १९४५ च्या अखेरीपासून जपान्यांना निःशस्त्र करायला आणि युद्धकैदी सोडवायला ब्रिटिश फौज जावात उतरली. फौज ब्रिटिश, सैनिक बहुतांशी हिंदी. सुराबायात उतरलेल्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. डच यांच्या आडून परत येतायत अशी तिथल्या तरुणांची खात्री होती आणि ती चूक नव्हती. लढाई पेटली. ३० ऑक्टोबरला ‘इंटरनॅशिओ’ नावाच्या इमारतीसमोर ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, तेव्हा त्या इमारतीच्या आत मराठा तुकडीच होती. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी जमिनीवरून, समुद्रातून आणि विमानांतून शहरावर हल्ला चढवला. हजारो लोक मेले. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा वीर दिन असतो.

नेहरू आणि काँग्रेस हिंदी सैनिकांच्या या वापराविरुद्ध तेव्हा बोलत होते. काही हिंदी सैनिक बंदूक टाकून पलीकडेही गेले. पण बाकीचे? सातारा, कोल्हापूर, कोकणातून पलटणीत गेलेले, घरी मनीऑर्डर पाठवणारे ते लोक. त्यांच्या स्वतःच्या स्वातंत्र्याला अजून दोन वर्षं होती. त्यांनी समोर ‘मर्देका’ ओरडणारी पोरं बघितली असतील. मर्देका म्हणजे स्वातंत्र्य, मुळात संस्कृत ‘महर्द्धिक’वरून गेलेला शब्द. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या विरोधात दिलेली ही वर्गणी पैशांची नव्हती. आपल्या शाळेच्या पुस्तकात १५ ऑगस्टच्या धड्यात ही माणसं कुठे बसवायची? मला माहीत असलेल्या कुठल्याही धड्यात ती नाहीत. त्यांना खलनायक म्हणायचा हक्क मला नाही. पण ती नव्हतीच असं धरून चालणं सोयीचं आहे, एवढं कळतं.

इंडोनेशियालाही अशी सोय हवी होती. २८ नोव्हेंबर १९७५ ला पूर्व तिमोरने पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊ दिवसांनी इंडोनेशियाचं सैन्य तिथे उतरलं. पुढची २४ वर्षं तो प्रदेश इंडोनेशियाच्या ताब्यात होता, आणि १७ ऑगस्ट तिथेही सरकारी सण होता. २० मे २००२ ला तिमोर-लेस्ते पुन्हा स्वतंत्र झाला. ‘मी डच असतो तर’मध्ये ‘डच’ खोडून ‘इंडोनेशियन’ लिहिलं की लेख एकही वाक्य न बदलता चालतो. चांगल्या लेखनाची ही खूण मला पटते. त्यातलं नाव बदललं तरी तर्क तुटत नाही, आणि ते नाव कधीतरी आपलंही असू शकतं.

शीट

यंदा जुलैत शीट परत उघडली. ‘स्टाफ’ गट तसाच होता, मागच्या वर्षीची कॉपी. मी सेक्रेटरीकाकांना म्हणालो, “काका, स्टाफकडून नको घ्यायला.” काका म्हणाले, “अरे, जबरदस्ती थोडीच आहे? त्यांनाही सण आपला वाटायला नको का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण काकांचं अगदीच चूक नाही. वॉचमनकाका काही परके नाहीत. १५ ऑगस्ट जितका माझा तितका त्यांचा. इथे आणि १९१३ च्या जावात हा मोठा फरक आहे, तो लपवून मला माझा मुद्दा जिंकायचा नाही.

म्हणून मी वॉचमनकाकांनाच विचारलं. म्हणाले, “पैशाचं काही नाही हो साहेब. पोरगी शाळेत भाषण करते दरवर्षी. मला एकदा झेंड्याजवळ उभं राहायचंय, तेवढं बघा.”

पैसे घेण्यात चूक होती की नाही यावर मी महिनाभर विचार करत होतो. त्यांनी मागच्या वर्षीच वेगळं काहीतरी विचारलं होतं, आणि मी ‘बघू’ म्हणालो होतो.

आता शीटमध्ये ‘स्टाफ’ गट नाही. सगळी नावं एकाच यादीत आहेत, कोणी तीनशे, कोणी पन्नास. शेजारी एक नवा रकाना आहे: १५ ऑगस्ट, सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ, गेट. तिथे अजून एकच नाव आहे, माझं. बाकी फ्लॅटवाल्यांना ग्रुपवर मेसेज टाकलाय. बघू कोण येतं.